बँकॉक ते सिंगापूर: अंतर १,४१५ किलोमीटर, मग वेळ नेमका किती?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही आईला घेऊन बँकॉकला जाणार आहात. परतताना सुवर्णभूमी विमानतळावरून सकाळी १०:१० च्या विमानाने सिंगापूरच्या चांगीला यायचं आणि तिथून दुपारी ४:०५ च्या विमानाने मुंबई गाठायची, असा बेत आहे. दोन्ही तिकिटं वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळी काढणार आहात. सिंगापूर मध्ये घालण्याचं कारण एकच: आईला चांगीवरचा तो प्रसिद्ध धबधबा दाखवायचा आहे. एका साइटवर या दोन विमानतळांमधलं अंतर १,४१५ किलोमीटर आणि वेळ पावणेदोन तास दिसतो. वेळापत्रकात पोचण्याची वेळ १:३५ आहे, म्हणजे तीन तास पंचवीस मिनिटं. त्याच्याच शेजारी 'कालावधी २ तास २५ मिनिटं' असं छापलंय. उलट दिशेचं विमान तर दहाला निघून ११:२५ ला पोचताना दिसतं. यातलं खरं कोणतं, आणि चांगीवर हातात चार तास मिळतात की अडीच, हा तुमचा प्रश्न.

मी सोळा वर्षं फ्लाइट डिस्पॅचर आहे, त्यातली सात वर्षं सिंगापुरात काढली. विमान निघण्याआधी त्याचा मार्ग, इंधन, हवामान आणि वेळ पडल्यास कुठे उतरायचं, हे जमिनीवर बसून आखणं हे आमचं काम. बँकॉक–सिंगापूर हा मार्ग मी इतक्या वेळा आखलाय की नकाशा न बघता सांगू शकते. त्यामुळे पहिलं उत्तर लगेच देते: तुम्ही पाहिलेले चारही आकडे बरोबर आहेत. ते चार वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, एवढंच. तुमच्या उपयोगाचा आकडा अडीच तासांचा आहे, आणि तोही पुरा तुमच्या पदरात पडणार नाही.

अंतरापासून सुरुवात करू. १,४१५ किलोमीटर हे पृथ्वीच्या गोलावरून दोन बिंदूंमधलं सर्वांत जवळचं अंतर. सुवर्णभूमी साधारण १३.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि चांगी १.४ अंशांवर, विषुववृत्ताला जवळजवळ टेकलेलं. गोलावर दोरा ताणून धरला तर तो एवढा भरेल. आम्ही सागरी मैलांत बोलतो. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणून आमच्या कागदावर हेच अंतर ७६५ च्या आसपास दिसतं. बँकॉकला दोन विमानतळ आहेत हेही ध्यानात असू द्या. जुनं डॉन मुआंग शहराच्या उत्तरेला आहे आणि तिथून चांगी आणखी पंचवीस-तीस किलोमीटर लांब पडतं. २००६ मध्ये सुवर्णभूमी सुरू झालं तेव्हा 'बीकेके' हा सांकेतिक कोड डॉन मुआंगकडून काढून नव्या विमानतळाला दिला गेला. आकाशात पंचवीस किलोमीटर म्हणजे दोन मिनिटं, ती सोडून द्या. पण बँकॉकच्या रस्त्यावर चुकीच्या विमानतळाला जाऊन पोचलात तर विमान नक्की चुकेल. तिकिटावरचा कोड दोनदा वाचा.

साइटवरचे पावणेदोन तास कुठून आले ते आता बघू. ए३२० किंवा ७३७ सारखं विमान वर स्थिरावलं की ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास उडतं. १,४१५ ला ८३० ने भागलं की एक तास बेचाळीस मिनिटं येतात. या साइट बहुतेक हेच करतात. पण हे गणित धरून चालतं की विमान सुवर्णभूमीच्या गेटवरच हवेत आहे, पूर्ण वेगात आहे, तोंड सिंगापूरकडे आहे आणि चांगीच्या गेटवर त्याच वेगाने थांबणार आहे. प्रत्यक्षात वर चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि त्यात वेग कमी असतो. १०,००० फुटांच्या खाली सर्वसाधारण नियम २५० नॉटचा, म्हणजे ताशी साधारण ४६० किलोमीटरचा. उतरताना हेच पुन्हा. मार्गही सरळ दोरीसारखा नसतो. विमान थायलंडच्या आखातावरून दक्षिणेला येतं, मलेशियाच्या पूर्व किनाऱ्याला कोटा भारूच्या आसपास गाठतं आणि मग द्वीपकल्पाच्या कडेने खाली सरकतं. वाटेत बँकॉक, क्वालालंपूर आणि सिंगापूर असे तीन नियंत्रण विभाग ते हातोहात पुढे देतात. ठरलेल्या बिंदूंवरून जायचं म्हणजे थोडा वळसा आलाच. हे सगळं धरून चाकं जमीन सोडतात तिथपासून पुन्हा टेकतात तिथपर्यंत साधारण दोन तास होतात.

आणि तिकिटावरचे २ तास २५ मिनिटं? त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. उभ्या विमानाच्या चाकांना उट्या लावलेल्या असतात. त्या काढून विमान मागे ढकललं की घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या टोकाला गेटवर उट्या पुन्हा लागल्या की बंद. सुवर्णभूमी मोठं आहे. गेटपासून धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगेत सरकत जायला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. चांगीला उतरल्यावर आणखी पाच-दहा. प्रत्येक कंपनी यात थोडी शिल्लकही धरते, म्हणूनच कधीकधी विमान वेळापत्रकाच्या दहा मिनिटं आधी पोचतं. वेळापत्रकं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, तेव्हा याच मार्गाचा छापील कालावधी पाच-दहा मिनिटांनी इकडेतिकडे झालेला दिसेल.

उरलेला एक तास घड्याळाचा आहे. बँकॉक जागतिक प्रमाणवेळेच्या सात तास पुढे, सिंगापूर आठ तास. म्हणून १०:१० ला निघून २:२५ उडल्यावर बँकॉकच्या घड्याळात १२:३५ होतात, पण चांगीच्या भिंतीवर १:३५ असतात. उलट जाताना तोच तास परत मिळतो, म्हणून दहाचं विमान ११:२५ ला पोचल्यासारखं दिसतं. नकाशावर सिंगापूर बँकॉकच्या जवळजवळ थेट दक्षिणेला आहे, रेखांशात फक्त सव्वातीन अंशांचा फरक. सूर्याच्या हिशेबाने दोन्हीकडे एकच वेळ हवी होती. पण मलेशियाने आपल्या पूर्व आणि पश्चिम भागांची वेळ एक करायची ठरवली, तेव्हा सिंगापूरनेही १ जानेवारी १९८२ पासून आपलं घड्याळ अर्धा तास पुढे केलं. त्याआधी तिथे साडेसात तासांचा फरक होता. तिथे राहायला गेले तेव्हा सकाळी सात वाजता अंधार बघून मला चुकल्यासारखं व्हायचं. फोनवरचं घड्याळ आपोआप बदलतं, पण आईच्या मनगटावरचं बदलणार नाही. बँकॉकला विमानात बसल्या बसल्याच ते एक तास पुढे करून घ्या.

म्हणजे १०:१० मध्ये पावणेदोन तास मिळवून ११:५५ ला पोचू आणि चार तास मिळतील, हा जो हिशेब तुमच्या डोक्यात होता, त्यात दोन गोष्टी सुटल्या: ब्लॉक टाइम आणि घड्याळाचा तास. १:३५ ते ४:०५ हे अडीच तासच खरे.

वेळ कमी-जास्त कशामुळे होते ते आता सांगते, कारण परिस्थितीवर खरंच बरंच अवलंबून आहे आणि तुमचा महिना त्यात महत्त्वाचा आहे. लोकांना वाटतं, सगळा फरक वरच्या वाऱ्याचा. मुंबई–लंडनला तो आहेच, जाता-येता तासाभराचा फरक पडतो. बँकॉक–सिंगापूर मात्र उत्तर-दक्षिण मार्ग आहे आणि वरचे वारे मुख्यतः पूर्व-पश्चिम. ते विमानाला कडेने लागतात, मागून ढकलत नाहीत की पुढून अडवत नाहीत. विषुववृत्ताजवळ त्यांचा जोरही फारसा नसतो. या मार्गावर वरच्या वाऱ्याने दोन-चार मिनिटांहून अधिक फरक पडलेला मी क्वचित पाहिला.

खरा फरक पडतो जमिनीजवळच्या वाऱ्याने, आणि हे मला या मार्गावरच शिकायला मिळालं. विमान शक्यतो समोरून येणाऱ्या वाऱ्यात जमीन सोडतं आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यातच उतरतं. सुवर्णभूमी आणि चांगी, दोन्हींच्या धावपट्ट्या जवळपास उत्तर-दक्षिण आहेत. चांगीच्या धावपट्टीच्या एका टोकाला ०२ लिहिलेलं असतं, दुसऱ्याला २०. हे आकडे म्हणजे होकायंत्रावरचे २० आणि २०० अंश. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचे वारे असतात. तेव्हा बँकॉकहून विमान दक्षिणेकडे तोंड करून उडतं, सरळ खाली येतं आणि चांगीला दक्षिणेकडे तोंड करूनच, २० च्या धावपट्टीवर उतरतं. एकही मोठं वळण नाही.

डिसेंबरात वारा ईशान्येचा. आता बँकॉकला विमान बऱ्याचदा उत्तरेकडे, म्हणजे सिंगापूरला पाठ करून उडतं आणि मग वळसा घेऊन दक्षिणेला लागतं. चांगीला पोचल्यावरही थेट उतरता येत नाही. उत्तरेकडून आलेलं विमान विमानतळाला बगल देऊन पुढे दक्षिणेला समुद्रावर जातं, तिथे वळतं आणि मागे येऊन ०२ च्या धावपट्टीवर उतरतं. दोन्ही टोकांचं मिळून माझ्या हिशेबात दहा-पंधरा मिनिटं वाढतात. गंमत अशी की त्याच दिवशी सिंगापूरहून बँकॉकला जाणाऱ्या विमानाला दोन्हीकडे सरळ वाट मिळते. अंतर तेच, विमान तेच, ऋतू बदलला की कोणत्या दिशेला लांब पडणार ते उलटंपालटं होतं. आईला शक्यतो खिडकी द्या. समुद्रावरून वळताना खाली सिंगापूरच्या सामुद्रधुनीत नांगर टाकून उभी असलेली जहाजं दिसतात, दूरवर पसरलेली, खेळण्यातल्यासारखी. ती दिसली की उतरायला थोडीच मिनिटं उरली असं समजा.

दुसरी गोष्ट पावसाची. डिसेंबर हा सिंगापूरचा सर्वांत ओल्या महिन्यांपैकी एक, आणि सरी दुपारी जास्त येतात, म्हणजे नेमक्या तुमच्या पोचण्याच्या वेळी. पाऊस नुसता असेल तर विमानाला काही वाटत नाही. अडचण होते ती विजांच्या ढगांची. ते ढग टाळायला विमान पंधरा-वीस मैल बाजूने जातं, आणि विमानतळाच्या डोक्यावरच ढग असेल तर ठरलेल्या ठिकाणी घिरट्या घालत वाट बघतं. यासाठी इंधन असतं, काळजी नसावी. पोचण्यापुरतं इंधन, त्यावर काही टक्के जादा, त्यावर पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि त्याहीवर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं राखीव, इतकं भरल्याशिवाय विमान निघतच नाही. सिंगापूरला पर्याय म्हणून आम्ही बाटाम, जोहोरचं सेनाई, कधी क्वालालंपूर लिहितो.

एक सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. जुलै महिना होता. त्या दिवसांत रात्री सुमात्रा बेटावर आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीवर ढगांची एक लांबच लांब रांग तयार होते आणि पहाटे पूर्वेकडे सरकत सिंगापूरवर येते. तिथले लोक तिला 'सुमात्रा'च म्हणतात. पहाटे साडेचारला उपग्रहाच्या चित्रात ती रांग लाल होऊन चांगीकडे सरकताना दिसली. माझं एक विमान बँकॉकहून निघणार होतं. कॅप्टनला फोन केला, दोघांनी चित्र पाहिलं आणि अर्ध्या तासाचं इंधन जादा घातलं. ते सगळं वापरावं लागलं. विमान तीस मिनिटं फिरत राहिलं आणि मग नीट उतरलं. पण गोष्ट तिथे संपली नाही. विजा जवळ आहेत म्हणून जमिनीवरच्या माणसांना उघड्यावर काम करायला मनाई होती, आणि ती मनाई योग्यच आहे, त्यांच्या जिवाचा प्रश्न असतो. प्रवासी आत पोचले, पण त्यांच्या बॅगा विमानाच्या पोटातून पन्नास मिनिटं बाहेर निघाल्या नाहीत. कागदावर ते विमान पस्तीस मिनिटं उशिरा पोचलं. बॅगेची वाट बघणाऱ्या माणसाला ते दीड तास उशिरा पोचलं.

म्हणून तुमच्या अडीच तासांकडे मी असं बघते. १:३५ ही उट्या लावण्याची वेळ आहे. दार उघडायला पाच मिनिटं. आईला गुडघ्यांमुळे व्हीलचेअर घेणार आहात असं तुम्ही लिहिलंय. व्हीलचेअरचे प्रवासी बहुधा सगळे उतरल्यावर उतरतात, म्हणजे गेटवर यायला दोन वाजले. दोन वेगळी तिकिटं असतील आणि कंपन्यांचा आपसात करार नसेल तर बॅगा मुंबईपर्यंत जाणार नाहीत. त्या घ्यायला इमिग्रेशन ओलांडून सिंगापुरात शिरावं लागेल. नाताळच्या आठवड्यातली रांग, मग बॅगांचा पट्टा, मग कदाचित दुसरं टर्मिनल. मुंबईच्या विमानाचं काउंटर साधारण तासभर आधी, म्हणजे ३:०५ ला बंद होतं. सगळं वेळेवर झालं तर धावतपळत जमेल. डिसेंबरातली वीस मिनिटांची घिरटी किंवा विजांमुळे अडकलेली एक बॅग, यातलं एक जरी झालं तरी जमणार नाही. आणि वेगळ्या तिकिटांवर दुसरं विमान चुकलं तर पहिली कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही, पैसे तुमचे जातात.

त्याहून मोठी अडचण व्हिसाची आहे. भारतीय पासपोर्टवर सिंगापुरात शिरायला आधी व्हिसा लागतो. काही ठराविक देशांचा वैध व्हिसा असलेल्यांना ९६ तासांची सवलत मिळते, तिच्या अटी सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. आणि तुमच्या बेताचा जो मुख्य भाग, तो विमानतळालगतच्या ज्वेल या संकुलातला चाळीस मीटरचा धबधबा, तो इमिग्रेशनच्या बाहेर आहे. व्हिसा नसेल तर त्याच्या पायथ्याशी जाऊन उभं राहता येत नाही. हे बऱ्याच लोकांना तिथे पोचल्यावर कळतं आणि फार वाईट वाटतं.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. नुसतं परतायचं असेल तर बँकॉकहून थेट मुंबई, साधारण ३,००० किलोमीटर. सिंगापूरवरून येताना आधी १,४१५ दक्षिणेला आणि मग सुमारे ३,९०० वायव्येला, म्हणजे जवळपास पावणेदोनपट. पण आईसाठी सिंगापूर हवंच असेल, आणि मला वाटतं ते हवंच आहे, तर व्हिसा काढा आणि एक रात्र राहा. मग १:३५ चे २:१५ झाले काय नि ३ झाले काय, तुम्हाला फरक पडत नाही. धबधबा संध्याकाळी दिव्यांत बघा, सकाळी पुन्हा बघा. व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, दोन्ही विमानांसाठी वेगवेगळी नोंदवा.

रात्र काढणं शक्य नसेल तर दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर घ्या, बॅगांना मुंबईपर्यंतची चिठ्ठी बँकॉकलाच लावून घ्या आणि मधला वेळ चार तासांच्या आसपास असेल असं विमान निवडा. मग इमिग्रेशन ओलांडायचं कारण नाही, विमान उशिरा आलं तरी पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीची. आणि धबधबाही अगदीच हुकत नाही. चांगीच्या टर्मिनल २ आणि ३ च्या मधली स्कायट्रेन ज्वेलच्या आतून जाते, आणि त्या गाडीत बदलत्या विमानाच्या प्रवाशांसाठी वेगळा डबा असतो, त्याला व्हिसा लागत नाही. काचेपलीकडे ते पाणी छतातल्या गोलातून खाली कोसळताना दिसतं, थोडेच क्षण, पण अगदी समोर. हातात वेळ असेल तर त्याच गाडीने परत या, पुन्हा जा. आईची व्हीलचेअर काचेच्या बाजूला घ्यायला सांगा.